सरांचं काटेरी कालव

मी धंदा काय करत होतो असं पुण्यात कोणी विचारलं, तर ‘माशांच्या टाक्या’ एवढंच सांगतो. समोरचा लगेच आपल्या लहानपणच्या गोल्डफिशची गोष्ट सुरू करतो आणि माझी सुटका होते. खरं सांगायला गेलो तर लोकांना थट्टा वाटेल. समुद्रापासून बसने दोन-अडीच तास आत असलेल्या कुंभकोणम्‌मध्ये मी लोकांच्या बैठकीत समुद्र बसवून देत होतो, आणि त्या समुद्राला कीड लागली की ती काढूनही देत होतो.

माझं मराठी तंजावरकडचं. लेकीकडे राहायला आल्यापासून ते बरंच घासूनपुसून घेतलं आहे, तरी मधूनच जुनं काही डोकावेल. ते तेवढं चालवून घ्या.

पोट भरत होतं ते गोड्या पाण्याच्या माशांवर. समुद्री टाक्या सगळ्या पंचक्रोशीत मिळून चार. हौस महाग होती, पण त्याहून जास्त कटकटीची होती. खारं पाणी तरंगंबाडीच्या किनाऱ्यावरून, मासळीच्या व्हॅनमध्ये निळे कॅन ठेवून यायचं. दगड रामेश्वरच्या बाजूचे. दगड म्हणजे नुसता दगड नव्हे, त्यावर जिवंत पोवळी, शिंपले, समुद्रफुलं, नळीत राहणारे किडे असा सगळा संसार. तसा दगड काढणं आज गुन्हा आहे आणि असायलाच हवा. तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि आम्ही स्वतःलाही विचारलं नाही.

या संसाराबरोबर एक चोर फुकट यायचा. चपटा किडा. दुधावरची साय बोटाने उचलून दगडावर टाकली आणि ती सरकायला लागली, तर जशी दिसेल तसा तो दिसतो. कडेला जरा झालर, अंगावर तपकिरी ठिपके. रुपयाच्या नाण्याएवढा असला तरी सुरीच्या पात्याएवढ्या फटीतून आत जातो. त्याचं खाणं म्हणजे कालवं आणि शिंपले. शिंपला श्वास घ्यायला उघडला की हा कडेने आत शिरतो आणि घरमालकाला त्याच्याच घरात बसून खातो. सकाळी आपल्याला दिसतो तो फक्त उघडा पडलेला, आतून चाटूनपुसून स्वच्छ केलेला शिंपला.

तो अंधारातच बाहेर पडतो. गिऱ्हाइकांच्या घरी मला रात्री कोण बसू देणार? म्हणून मी भर दुपारी टाकीवर दोन घोंगड्या टाकून अंधार करायचो. बाटलीला भोकं पाडून आत फोडलेला शिंपला ठेवायचा, बाटली वाळूत आडवी करायची, आणि तासाभराने घोंगडीचं टोक उचलून लाल कागद लावलेल्या बॅटरीने बघायचं. साय बाटलीत शिरलेली असली की बाटली बाहेर. उरलेल्यांसाठी दगडच उचलून गोड्या पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवायचा. गोड्या पाण्याने किडा वळवळतो, सुटतो, तळाला पडतो. कालव मात्र शहाणं, ते दार लावून बसतं. अंडी उरतातच. मेलेल्या शिंपल्याच्या आतल्या अंगाला, रवा पसरावा तशी. ती ब्लेडने खरवडायची, आणि आठ-दहा दिवसांनी सगळं पुन्हा. काम एवढंच, पण चिकाटीचं.

ही चिकाटी मी शिकलो ती ठेच लागून. एका लॉजवाल्याने आपल्या स्वागतकक्षात सहा फुटी समुद्र बसवून घेतला होता. त्याला लग्नाच्या मुहूर्ताआधी टाकी निर्मळ हवी होती. बाटल्या लावत बसायला वेळ कुणाला? मी गुरांच्या औषधाच्या दुकानातून शेळ्यांच्या जंताचं औषध आणलं आणि टाकीत ओतलं. किडे मेले, अगदी एकसाथ मेले. मेलेल्या किड्यातून विष सुटतं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मासेही पोट वर करून तरंगले. लॉजवाला शांतपणे म्हणाला, मी फक्त किडे मारायला सांगितलं होतं. त्या टाकीत पुढे त्याने प्लास्टिकची कमळं ठेवली.

दुसरं गिऱ्हाईक तिरुविसनल्लूरचं, बँकेतले एक सज्जन. त्यांना जीवहत्या नको होती. बाटलीत सापडलेला किडा हातात घेऊन ते मला म्हणाले, याला कावेरीत सोडून या, पवित्र पाण्यात राहील. कावेरीचं पाणी गोडं, त्यात हा पाच मिनिटंही जगणार नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पायऱ्या उतरून किडा नदीत सोडला, तो वेटोळं होऊन बुडाला, आणि वर येऊन मी म्हणालो, पोहत गेला. ते प्रसन्न झाले. लोकांना बरं वाटेल ते सांगून मोकळं व्हायची माझी खोड तेव्हापासूनची, किंवा त्याआधीचीही असेल.

आता सरांचं सांगतो. बाकीचं सगळं लिहिलं ते हे पुढे ढकलण्यासाठीच.

पद्मनाभराव कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्यातलेच, तंजावर मराठी, वैष्णव, कपाळावर रोज मुद्रा लावणारे. कॉलेजातली मुलं म्हणायची म्हणून मीही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या बायकोला, अंबुजाबाईंना, मामी. मूलबाळ नव्हतं. मुलांच्या सहली घेऊन सर दरवर्षी मंडपमच्या किनाऱ्यावर जायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीत चार फुटी टाकी स्वतःच्या हाताने जोडली. मी फक्त पंप आणि खारं पाणी पुरवणारा. शिकवलं सगळं त्यांनी. चपट्या किड्याला तोंड पोटाच्या मध्यावर असतं, तो आपल्या अंड्यांवर राखण करत बसतो, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. अंडी खरवडताना हात जरा थांबायचा तो त्यामुळे.

आणखी एक धडा त्यांनी अगदी पहिल्या आठवड्यात दिला होता. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की आम्ही टाकीत मोरचुदाचं औषध घालत असू. मोरचूद म्हणजे तांबंच. मी त्यांच्याकडे तशी बाटली घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून दाराबाहेर ठेवली.

“हाडं नाहींत ज्याला, त्याला तांबं म्हणजे यम,” ते म्हणाले. “मासा वांचेल, बाकी अवघं जाईल. विसरूं नको, गोपाळा.”

टाकीत तीन काटेरी कालवं होती, दगडाला घट्ट चिकटलेली. शिंपल्यावर बोटभर काटे, आणि उघडलं की कडेने निळसर मण्यांची रांग. ते मणी म्हणजे डोळे. समोरून सावली गेली की कालव फट्कन मिटतं. सर पाहुण्यांना ते दाखवायचे आणि म्हणायचे, आमच्याकडे राखणदार आहे.

मग सरांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत ते दिसायचं. मामींनी त्यांची खाट बैठकीत आणली आणि टाकीकडे तोंड करून लावली. दिवसभर ते टाकीकडे बघत असायचे. वैद्य म्हणाले होते की मन रमेल तेवढं चांगलं. मामी मला म्हणाल्या होत्या की हे पाण्यातलं जग हललं नाही तर ते कशाकडे बघून दिवस काढतील? म्हणून टाकी आता मी सांभाळायची होती, आणि रोजचं किरकोळ मामींनी.

रोजचं किरकोळ म्हणजे मुख्यतः पाणी. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज दीड-दोन लिटर गोडं पाणी घालून भर करावी लागते. सर त्यासाठी पावसाचं पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून ठेवायचे. तो साठा संपला. मामींनी मला विचारलं, “गोपाळा, पाणी कोणतं घालाचें?”

मी घाईत होतो. दारात कॅन उतरवायचे होते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग, तेवढं नको, हे डोक्यात होतं. मी म्हणालो, “मामी, देवाला घेतां तेंच घाला. दुसरं नको.”

तशाच घरात वाढलेला मी. देवाचं पाणी आमच्याकडे कशात असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास किडा निघाला. पहिलं कालव गेलं, पंधरा दिवसांत दुसरं. उरलं एकच, सर्वांत मोठं, खाटेच्या बरोबर समोरचं. मी दोन्ही घोंगड्या घेऊन ठाण मांडलं. सरांना टाकी झाकलेली आवडायची नाही, ते डावा हात खाटेवर आपटायचे. मी त्यांना रोज सांगायचो, आज किती सापडले. बाटलीत तीन सापडले, पुढच्या खेपेला दोन. मग मोठं कालव असलेला दगडच बाहेर काढायचं ठरवलं. मामींना म्हणालो, गोडं पाणी हवं, निर्मळ, बादलीभर. त्या ओलेत्याने आत गेल्या. पाणी त्यांनी मोठ्या घंगाळात आणलं, तांब्याच्या. आदल्या दिवशी विहिरीवरून आणून तांब्याच्या भांड्यांत भरून ठेवलेलंच त्यात ओतलं होतं, म्हणाल्या, शिळं पाणी निवळ असतं. घंगाळ चिंचेने घासून इतकं लख्ख केलेलं की त्यात माझं तोंड दिसत होतं.

दगड बुडवला. एरवी किडा सुटायला दोन मिनिटं तरी लागायची. इथे वीस आकडे मोजेपर्यंत चार किडे तळाला, आक्रसून मेलेले. मला कोण आनंद झाला! आपला हात बसला, असं वाटलं. मी एक किडा चमच्यावर घेऊन सरांना दाखवायला गेलो. ते किड्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या मागे होती, घंगाळावर. डावा हात उचलून ते तिकडे करत होते.

“पाणी हवं त्यांना,” मामी म्हणाल्या, आणि फुलपात्र भरून आणलं. सरांनी तोंड फिरवलं. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं.

पुढच्या दहा-बारा दिवसांत किडा दिसला नाही. बाटली रिकामी. मामींनी त्या आनंदात पुरणाच्या पोळ्या केल्या, मला पानावर बसवून वाढल्या. मी सरांना सांगितलं, जिंकलो आपण. कालव उघडं होतं, निळे मणी चमकत होते. मी हात हलवला, ते मिटलं. तो दिवस मला अजून गोड आठवतो, आणि आठवला की लाज वाटते.

मग गोगलगायी दगडावरून गळून पडायला लागल्या. समुद्रफूल आक्रसून सुपारीएवढं झालं. शंखातले खेकडे शंख सोडून बाहेर येऊन मेले. मासे मात्र टुणटुणीत. हे एवढं बघूनसुद्धा माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. मला किडाच दिसत होता. अंडी फुटली असणार, पिल्लं बारीक आहेत, फटीत आहेत. मी पुन्हा घोंगड्या टाकल्या. काहीच सापडलं नाही, म्हणून अधिकच खात्री झाली की चोर हुशार आहे. दगड पुन्हा बुडवला, त्याच घंगाळात. चार दिवसांनी आणखी एकदा.

मी गेलो की सर हात करायचे. टाकीशेजारी तिवईवर मामींचा रोजच्या पाण्याचा तांब्याचा कुडम्, म्हणजे घागर, असे, हात तिकडे. मामी म्हणायच्या, “पावम्, बिचाऱ्यांना तहान लागते.” एकदा त्या स्वयंपाकघरात होत्या, म्हणून मीच कुडमातलं पाणी फुलपात्रात घेतलं, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि पाजलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. माझ्याकडे बघत बघत सगळं प्याले. डोळ्यांतून पाणी आलं. पक्षाघाताच्या माणसाला रडू लवकर येतं, असं वैद्यांनी सांगितलेलं होतं, ते मला बरोबर त्या वेळी आठवलं.

हो की नाही, एवढं विचारलं असतं तर ते मान हलवू शकत होते. ‘सर, पाणी हवंय का?’ एवढाच प्रश्न होता. माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं, फटींकडे होतं.

कालव मिटायला वेळ लावू लागलं. आधी सावली पडताच मिटायचं, मग दोनदा हात हलवावा लागे. एका सकाळी मी हात हलवला आणि ते उघडंच राहिलं. मी दगड बाहेर काढला तेव्हा वास सुटला होता. सरांना दिसू नये म्हणून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. मामींनी विचारलं, किड्यानेच खाल्लं का? मी म्हणालो, हो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पुढे महिन्याभराने उरलेल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. आता टाकीत बिनहाडाचं काही उरलं नव्हतं, म्हणजे मोरचुदाचं औषध घालायला हरकत नव्हती. मद्रासहून येणाऱ्या बाटलीबरोबर एक लहान कुपी येई. औषध घातल्यावर टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तिचे थेंब टाकायचे, तांबं किती झालं ते रंगावरून कळतं. औषध घालण्याआधी एकदा कोरं पाणी बघावं, तुलनेला, म्हणून मी थेंब टाकले. पाणी रंगलं. मला वाटलं नळी धुतलेली नाही. धुतली, पुन्हा टाकले. पुन्हा रंगलं, पहिल्याइतकंच.

मी नळी हातात घेऊन तिवईकडे बघितलं. कुडम्, चिंचेने घासलेला, वर तुळशीचं पान. मग सरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्या दिवशी त्यांनी हात केला नाही. उचललेला होता, तो त्यांनी हळूच अंथरुणावर ठेवला.

मामी कॉफी घेऊन आल्या. काय झालं म्हणाल्या. मी सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे काय? की मामी, तुम्ही पहाटे न्हाऊन, ओलेत्याने, देवाचं पाणी म्हणून जे रोज घातलंत, त्याने कालव गेलं. आणि ते घालायला मी सांगितलं. पहिलं अर्धं मला बोलवेना, दुसरं बोलायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, माशांना औषध आहे, आता काही दिवस प्लास्टिकच्या कॅनमधलंच पाणी घाला. “सेरि,” त्या म्हणाल्या, आणि कुडम् उचलून देवघरात ठेवला. सर ऐकत होते. आपल्या शिष्याला धडा उशिरा का होईना आठवला हे त्यांनी पाहिलं, आणि तो शिष्य खोटं बोलतो हेही लगेच पाहिलं.

मी जाणं कमी केलं. कारणं होती, माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. टाकीत दोन मासे आणि पांढरे पडलेले दगड होते. सरांनी खाटेवरून आणखी सात-आठ महिने त्या दगडांकडे बघून काढले.

तेरावा झाल्यावर मामींनी बोलावून घेतलं. घर विकून त्या भाच्याकडे जाणार होत्या. टाकी मीच घेऊन जावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी टाकी रिकामी करत होतो, तेव्हा त्यांनी देवघरातून कुडम् आणला. तो मला द्यायचा आहे म्हणाल्या. मी नको म्हणालो, पुन्हा नको म्हणालो.

“तूं घे,” त्या म्हणाल्या. “तूं आलास कीं ह्याच्याकडे हात करून पाणी मागायचे. मी पाजलें तर तोंड फिरवायचे, तुझ्या हातचें मात्र प्याले. पुढें तूं येईनासा झालास, मग त्यांनी मागायचेंच सोडलें.”

मी कुडम् घेतला आणि त्यांच्या पाया पडलो.

तो इथे पुण्यात, लेकीच्या स्वयंपाकघरात आहे. तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं म्हणून ती रात्री भरून ठेवते आणि सकाळी मला पेला आणून देते. हे सगळं मी तिला सांगितलेलं नाही. मामी अजून आहेत, पण त्यांना देवनागरी वाचता येत नाही, आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहायच्या. म्हणूनच मी हे इथे लिहू शकलो. लेक पेला घेऊन येते, विचारते, बाबा, पाणी हवंय ना? मी हो म्हणतो आणि पितो.